मेट्रनबाईंच्या बांगड्या

आमच्या माण तालुक्यात घरातनं बाहेर पडणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. शेरडं घेऊन बांधापर्यंत निघालेली म्हातारीसुद्धा 'येते गं' म्हणूनच उंबरा ओलांडते. 'गेला' ह्या शब्दाचा आमच्याकडं एकच अर्थ.

माझा थोरला भाऊ सकाळी परसात तोंड धुता धुता कोसळला. दादानं सगळी उमर मुंबईत ओझी वाहिली होती, आणि आता कुठं गावी येऊन डाळिंबाला पाणी घालत बसला होता. डोक्यातली रक्ताची नळी फुटलीय, डॉक्टर म्हणाले. त्याला कराडच्या मोठ्या दवाखान्यात आणलं, मी माझ्या सासरहून, कुंडलहून, धावत आले. आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर मी आणि वहिनी. वहिनी म्हणजे गरीब गाय. बोलायचं खातं माझ्याकडं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी औषधं आणायला खाली गेले होते. वहिनी पाण्याची बाटली भरून आली आणि दाराच्या काचेतनं बघते तर दादाची खाट रिकामी. दवाखान्यात ट्रॉली ढकलणाऱ्या माणसाला मामा म्हणतात. तसे एक मामा तिथनं चालले होते, त्यांना तिनं विचारलं, "आवं, आमचा पेशंट?"

"तुमचा पेशंट गेला की आत्ताच," मामा म्हणाले आणि पुढं निघाले.

ते म्हणत होते स्कॅनला गेला. वहिनी बाकड्यावर बसली आणि दोन्ही मनगटं लोखंडी दांड्यावर आपटली. मी जिन्यातनं वर आले तेव्हा फरशीवर हिरव्या काचा आणि वहिनीच्या डाव्या हातातनं रक्त. मी तिच्यापर्यंत पोचते न पोचते तोच लिफ्टचं दार उघडलं आणि ट्रॉलीवरनं दादा परत आला. त्याची छाती वरखाली होत होती.

शेजारच्या बाकड्यावरची बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "जित्या नवऱ्याच्या बांगड्या फोडल्या की गं." वहिनीचं तोंड पांढरंफटक पडलं. "वन्सं, मी काय केलं ह्ये?" एवढंच ती परत परत म्हणत होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मामा सापडेनात, म्हणून मी थेट मेट्रनच्या खोलीत घुसले. मेट्रनबाई आणि त्यांच्या हाताखालच्या दोघी मिळून कुणाला कुठल्या वॉर्डात ड्युटी लावायची ते ठरवत बसल्या होत्या. कोण रजेवर, कोण आजारी, असं चाललेलं. "पंख्याखाली बसून ड्युट्या लावा तुमी," मी म्हणाले, "तिकडं तुमच्या मामाच्या एका शब्दानं बाईनं जित्या माणसाचं कुंकू पुसलं."

मला वाटलं होतं, विचारतील कोण बोललं. मेट्रनबाईंनी विचारलं, "नेमका शब्द कोणता म्हणाले?" मी सांगितला. त्यांनी डोळे मिटले आणि उठल्या.

एकीनं वहिनीचं मनगट धुऊन पट्टी बांधली. दुसरी फरशीवर बसून काचा वेचायला लागली, झाडूवालीला हाक न मारता. मेट्रनबाई परत खोलीत गेल्या आणि मूठ मिटून आल्या. ड्युटीवर नर्सनं हातात काही घालायचं नाही असा नियम, म्हणून त्या घरनं घालून आलेल्या बांगड्या रोज टेबलाच्या खणात काढून ठेवायच्या. हिरव्याच होत्या, जरा सैल. वहिनीच्या पट्टीवरनं अलगद चढल्या.

"माझ्या हायत," त्या म्हणाल्या. बोलण्यावरनं त्या वाळव्याकडच्या, माझ्या सासरच्या बाजूच्या, हे तेव्हा कळलं. "मोकळा हात ठेवायचा न्हाई तुमी. त्यांचा श्वास चालू हाय."

दुसऱ्या दिवसापासनं त्या मजल्यावर 'गेला' हा शब्द बंद झाला. मामा, मावशी, पोरसवदा नर्सा, सगळ्यांच्या तोंडी 'नेलंय'. स्कॅनला नेलंय, ड्रेसिंगला नेलंय. एक नवी नर्स चुकून 'गेले' म्हणाली आणि जीभ चावून वळून बघायला लागली, मेट्रनबाई ऐकत तर नाहीत ना. त्या ऐकत होत्याच. माणसं कमी पडली की त्या तिघींपैकी कुणीतरी बाह्या सारून वॉर्डात उभी असायची. मेट्रनबाई फेरीला आल्या की आधी यंत्राकडं न बघता दादाला कुशीवर करायला लावायच्या आणि त्याची पाठ बघायच्या. मला ह्यात काय बघायचंय ते कळत नव्हतं. मी आपली तोंडातल्या तोंडात पुटपुटायची, पाठ बघून काय माणूस उठतोय.

नाहीच उठला.

त्या सकाळी मेट्रनबाई एकट्या आल्या आणि आमच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. एरवी त्या कधी बसत नसत. वहिनीचे दोन्ही हात त्यांनी हातात घेतले.

"ताई, दादा गेले."

वहिनी त्यांच्याकडं बघून हसली. देवाशपथ, हसली. "कुठं नेलं?" म्हणाली. "परत फोटू काढायला व्हय?"

मेट्रनबाईंच्या डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं, पण आवाज हलला नाही. "नेलं न्हाई, ताई. गेले. आमच्यात हा शब्द आता मी एकटीच वापरते. आणि ऐका, बांगड्यांनी न्हाई गेले. डोक्यातलं रक्त थांबलं न्हाई, म्हणून गेले." वहिनी बांगड्या काढायला लागली तशी त्यांनी तिचा हात दाबून धरला. "राहू द्या," म्हणाल्या.

गावी आणल्यावर दादाला अंगणात अंघोळ घातली. चुलत्यानं पाठीवरनं पाणी ओतलं आणि म्हणाला, "इतकं दिस पडून व्हता, पर पाठीवं साधा चट्टा न्हाई." तेव्हा मला मेट्रनबाईंच्या त्या फेऱ्या कळल्या. मी तिथंच मोठ्यानं रडले.

बांगड्यांची गोष्ट आमच्या आधी गावात पोचली होती. कुजबुज चाललेली, हिनं आधीच फोडल्या, म्हणून गेला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ, असं मी दोघीतिघींना तोंडावर सुनावलं, पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार. मग रीतीप्रमाणं बायका वहिनीभोवती जमल्या. एकीच्या हातात दगड होता. वहिनीनं दोन्ही हात छातीशी धरले. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचा आवाज चढलेला ऐकला.

"माझ्या मी तवाच फोडल्यात," ती म्हणाली. "ह्या त्या बाईंच्या हायत."