मासळीवरचा आळ

माझे ओठ सुजले तेव्हा पहिला आळ पापलेटावर आला, आणि ते पापलेट सासूबाईंच्या विक्रीच्या पाटीतलं होतं. पंचाईत तिथेच झाली.

मी साताऱ्याकडची. वडील तारापूरच्या कारखान्यात म्हणून इथेच वाढले आणि लग्न करून जवळच्याच दांडी गावच्या मासळीवाल्या घरात आले. अंगभर पित्त उठलेलं, ओठ फुगलेले, खाजवून बेजार! शेजारणी बघायला आल्या. एकीच्या मते घाटावरच्या पोटाला समुद्र झेपत नाही, दुसरीच्या मते मासळीच शिळी असणार. हे दुसरं मत बोईसरच्या बाजारात माझ्या सासूबाईंच्या आधी पोचलं. त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक त्यांना ओलांडून पुढच्या पाटीकडे जाऊ लागलं. त्या उरलेली मासळी रोज घरी परत आणायच्या, ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

म्हणून मी मासे सोडले. नुसता वरणभात जेवले, दाढदुखीची गोळी घेतली आणि थोड्याच वेळात तोंडाचा पुन्हा भोपळा झाला. सासूबाईंचा चेहरा मात्र उजळला.

"वरनात कोलंबी व्हती काय गो?"

आम्ही दोघी खो खो हसत सुटलो. मग माझा घसा आवळल्यासारखा झाला, तशी त्यांनी गाऊनवरच मला रिक्षात कोंबलं.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, मग आणखी काय खाल्लं ते विचारलं. मी म्हटलं, काहीच नाही. औषध कुठलं घेतलं असं विचारलं, तेव्हा दाढेची गोळी निघाली, आणि पापलेटाच्या दिवशीही मी तीच घेतली होती. गोळीला कोण खाणं म्हणतं? ती जेवणानंतर घ्यायची, आणि आमच्या घरात जेवण म्हणजे मासे. गोळी बिनबोभाट मासळीच्या आड लपली होती. ती पुन्हा घ्यायची नाही, तेच औषध दुसऱ्या नावानेही मिळतं, तेव्हा प्रत्येक डॉक्टरला आणि औषधवाल्याला आधी सांगायचं, असं त्यांनी बजावलं. मला तर नाचावंसं वाटत होतं.

सूज उतरल्यावर सासूबाईंनी पापलेट तळून डब्यात भरलं आणि मला बाजारात नेऊन पाटीशेजारी बसवलं. सगळ्यांना दिसेल असं खायचं, एवढाच हुकूम. मी बोटं चाटत खाल्लं. येणारेजाणारे माझ्या ओठांकडे बघत थांबले. ओठ जागच्या जागी होते. अखेर पाठ फिरवलेल्यांपैकी एक बाई पुढे आली, पाटीतलं पापलेट उचलून भाव विचारू लागली.

सासूबाईंनी ते तिच्या हातातून काढून पाटीत ठेवलं.

"थांब जरा. माझी सून जेवतेय."