विहिरीच्या पाळीतला 'अमुक'

अर्जदार: रखमाबाई, मयत किसन यांची बेवा, राहणार सोनारी, तालुका परंडा. गैरअर्जदार: थोरले दीर दाजीबा. साक्षीदार: शेख उस्मान, मोट हाकणारा. काळ: निजाम सरकारची अमदानी, चैत्रातील बाजाराचा दिवस. जागा: परंडा तहसीलसमोरील माझी चटई. लिहिणार: मी, अर्जनवीस, शिक्षण चौथीपर्यंत, अनुभव त्याहून पुष्कळ.

तीन भावांची एक विहीर. पाण्याची पाळी नऊ दिवसांची. धाकट्या किसनचे दिवस करारात लिहिलेले होते. नेमका तो आकडा वाळवीने खाल्ला. शाबूत मजकूर एवढाच: मधल्यास धाकट्याहून एक दिवस जास्त, थोरल्यास धाकट्याच्या दुप्पट. मधला परगावी, त्याची पाळीही दाजीबाच ओढी. रखमाबाईंना एक दिवस मिळे.

"भाऊजी म्हणतात, आकडा दाखव अन् पाणी ने," त्या म्हणाल्या. "मिरचीनं माना टाकल्यात, मुन्शीजी."

आमच्या धंद्यात ज्याचे नाव ठाऊक नाही त्यास 'अमुक' लिहून अर्ज पुढे चालवतात. नाव कळले की भरतात. मी तीच रीत दिवसांस लावली. धाकट्याचे दिवस अमुक. मधल्याचे अमुक आणि एक. थोरल्याचे दोन अमुक. एकूण चार अमुक आणि एक, हे नवाबरोबर. तो सुटा एक मी पलीकडे नेऊन नवात मिळवला. दहा झाले. चाराने भागले.

"बाई, तुमचे अडीच दिवस," मी स्टॅम्पवर लेखणी टेकवत सांगितले.

त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजले. "माझे अडीच, मधल्यांचे साडेतीन, भाऊजींचे पाच. अकरा व्हत्यात. दोन दिवस शेजाऱ्याच्या हिरीतनं आणायचे का?"

"मुन्शीजींचा अर्ज लई लांब असतोय," शेख उस्मान म्हणाला. "हीर बी लांबली असंल."

मी हसलो नाही. "तुमचा फायदाच होतो आहे, बाई."

"नगं. खोटं निघालं तर हाय तो दिवस बी जाईल."

इकडे मिळवलेले पलीकडे नेताना वजा होते, हे तेव्हा ध्यानात आले. नवातून एक गेला, आठ उरले. चाराने भागता दोन. रखमाबाईंनी पुन्हा पेरे मोजली: दोन, तीन, चार. नऊ.

पेशीच्या दिवशी तहसीलदारांनी दाजीबास विचारले, "तुमचे दिवस किती?"

"पाच, हुजूर."

"हिचे?"

"एक."

"एकाची दुप्पट पाच?"

दाजीबाने पागोटे सारखे केले. "माझी मोट मोठी हाय, हुजूर."

हुकूम झाला: रखमाबाईंस दोन दिवस. मिरची तगली.

निकालपत्रात 'अर्जनवीसाच्या काबिल हिशोबावरून' असे शब्द आहेत. त्याची नक्कल मजजवळ आहे. तथापि ताळा आपण स्टॅम्पपूर्वी घ्यावा. नाहीतर पेशीत दुसरे घेतात. येथे तो मी घेतला नव्हता.

सबब हुजुरांस विनंती की, वरील शब्दांपुढे 'ताळा अर्जदारणीचा' एवढा मजकूर वाढवावा, व वाढवल्याचा लेखी जबाब मिळावा. साक्षीदार शेख उस्मान हयात आहे.