मूस, मॅग्नम आणि मिरची

माझ्या गाडीच्या डिकीत कुत्रीचे केस साठतात, तसे आमच्या श्टामटिशचे किस्से साठतात. आज व्हॅक्यूम फिरवावा, उद्या परत आहेतच. ऐकणाऱ्यांना हसू येतं. पूर्वी मलाही यायचं. हल्ली सांगता सांगता माझं डोकं तापतं, तेव्हा तेवढं सांभाळून घ्या.

आधी मंडळी कोण ते सांगते. फ्रँकफर्टपासून तासाभरावर टाउनुसच्या डोंगरात एक गास्टहाउस, म्हणजे बिअर-जेवणाची खानावळ आहे. तिथलं कोपऱ्यातलं टेबल दर महिन्याला एका संध्याकाळी आम्हा शिकारीवाल्यांसाठी राखून ठेवतात. तेच आमचं श्टामटिश. टेबलाच्या टोकाला युर्गन, दातांचा निवृत्त डॉक्टर. शिकारीचं जंगल त्याने भाड्याने घेतलेलं आहे, त्यामुळे त्याच्या विनोदांना हसावं लागतं. शेजारी बेर्न्ड, घरांची छपरं घालतो, बोलतो कमी. मग आमचा संदीप, मूळचा नाशिकचा, बँकेच्या आयटीत. बॉस शिकारी आहे म्हणून यानेही लायसन्स काढलं. आणि मी, मेधा, पुण्याची.

मी शिकारीला फारशी जात नाही. माझ्याकडे मिरची आहे. मिरची म्हणजे माझी तांबडी शोधकुत्री. कुणी जनावर धड न मारता जखमी करून सोडलं, की आम्हाला फोन येतो. मग आम्ही दोघी त्या मागावर निघतो, जनावर शोधतो आणि त्याचे हाल संपवतो. मागच्या हिवाळ्यात अशाच एका जखमी रानडुकराने मिरचीची मांडी फाडली. म्हणजे नेम यांचा चुकतो आणि टाके तिला पडतात. त्यामुळे कोण कुठलं काडतूस घेतो, हा माझ्यासाठी बिअरबरोबर चघळायचा विषय नाही.

आणि यंदा तर मंडळींनी स्वीडनला मूस मारायला जायचं ठरवलं. मूस म्हणजे घोड्याहून उंच सांबर समजा. झालं, तेव्हापासून टेबलावर दुसरा विषय नाही.

*

पहिला मान संदीपचा. याने सगळे व्हिडिओ पाहिले, सगळे फोरम वाचले, पुण्यातल्या एका मित्राला फोन केला, ज्याने आयुष्यात छऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडलेत. एवढं करून त्याने तोफेला शोभेल असं काडतूस निवडलं आणि त्याची रायफलही मागवली. मी विचारलं, मूसला इतकं कशाला?

"अगं, मूससाठी नाही. तिकडे अस्वल आलं तर?"

बेर्न्डने बिअरचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला की अस्वल आलं तर संदीपने त्या काडतुसाचं नाव अस्वलाला वाचून दाखवावं, तेवढ्यात बाकीचे पळतील. नवी गाडी घेताना आपले लोक विचारतात ना, सात जण बसतील का? घरात माणसं तीन. तोच हिशेब. संदीपला ती रायफल रद्द करायला लावेपर्यंत माझ्या नाकी नऊ आले.

*

युर्गनचं प्रकरण वेगळं. त्याच्याकडे थ्री हंड्रेड मॅग्नम आहे, म्हणजे जबर वेगाची आणि जबर धक्क्याची रायफल, आणि ते तो नाव विचारण्याआधी सांगतो. माझी रायफल साडेसहा मिलिमीटरची. स्वीडनमध्ये आजोबा-पणजोबांपासून लोक याच काडतुसाने मूस मारत आलेत. धक्का कमी, नेम सरळ. युर्गनने माझं काडतूस बोटांत धरून सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाला, "हे बायकांचं."

टेबल हसलं. संदीपही हसला, कारण युर्गनने त्याला पुढच्या वर्षी स्वतःच्या जंगलात कायमची जागा देतो म्हणून गाजर दाखवलं होतं. युर्गनने कधीचं सांगून ठेवलंय की मला नावाने हाक मार, तरी संदीप आपला "हेर डॉक्टर, हेर डॉक्टर", म्हणजे डॉक्टरसाहेब, डॉक्टरसाहेब, करत असतो. मी काडतूस परत घेतलं आणि खिशात टाकलं. राग आला होता. पण जंगल त्याचं, टेबलही जवळजवळ त्याचंच, काय बोलणार.

*

मग सगळे मिळून बंदुकांच्या दुकानात गेलो. इथे एक गोष्ट समजून घ्या. काडतूस म्हणजे दारू भरलेलं अख्खं प्रकरण, आणि गोळी म्हणजे त्यातून उडून जनावरात शिरतो तो पुढचा तुकडा. मरण काडतुसाच्या नावाने येत नाही, त्या तुकड्याने येतं. तो फार मऊ असेल तर मूसच्या खांद्याच्या हाडावर त्याचा भुगा होतो, आत काही पोचत नाही, आणि जनावर तसंच चालू लागतं.

युर्गनने नेमका मऊ गोळीचा डबा उचलला. लहान हरणांसाठी बरा असतो तो. बेर्न्डने त्याला त्याच्या पद्धतीने, म्हणजे अर्ध्या वाक्यात सांगितलं की वेग जास्त, गोळी मऊ, हाड जाड, जमायचं नाही. दुकानदारानेही मान हलवली आणि तांब्याच्या टणक गोळीचा डबा पुढे सरकवला.

"मॅग्नमला गोळी विचारायची नसते," युर्गन म्हणाला.

आणि मऊ गोळीचा डबा घेऊन निघाला. मी दुकानाच्या दारात उभी होते. गाडीच्या मागच्या काचेतून मिरची माझ्याकडे बघत होती. मला तेव्हाच ओरडायला हवं होतं असं नवरा म्हणतो. त्याला म्हटलं, ओरडले होते. डॉक्टर माणसाला ऐकायची सवय नसते.

*

निघण्याआधी शूटिंग रेंजवर सराव. तिथले सुपरवायझर म्हातारे आणि भलते मिश्किल. प्रत्येकाची रायफल ते स्वतः भरून हातात देत होते. मधूनच एखाद्याला नकली काडतूस भरून द्यायचे, न सांगता. म्हणजे चाप ओढल्यावर नुसता टक् असा आवाज होतो, आणि माणूस धक्क्याला घाबरतो की नाही ते सगळ्यांना दिसतं.

युर्गनची पाळी आली. टक्! आवाज नाही, धूर नाही, धक्का नाही. पण युर्गनने डोळे गच्च मिटले, खांदा मागे घेतला आणि नळी जमिनीकडे गेली. शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर तेवढा वाजत होता.

"काडतूस खराब आहे," युर्गन म्हणाला.

सुपरवायझर म्हणाले, "ते काडतूस नाहीच. पण बाकी सगळं तुमचंच होतं."

घरी हा किस्सा सांगितला तेव्हा सासूबाई मिरचीच्या मांडीवरच्या जुन्या जखमेला तेल चोळत होत्या. पुण्याहून आल्या तेव्हा या घरात कुत्रं असेल तर मी हॉटेलात राहीन म्हणाल्या होत्या. आता मिरची त्यांच्या खोलीत झोपते. किस्सा ऐकून त्या हसल्या नाहीत.

"अगं, डोळे मिटूनच उडवायचं असेल, तर त्या गृहस्थांना दिवाळीत एक टिकल्यांचं पिस्तूल दे की. मुक्या जनावरांच्या मागे कशाला लागलेत?"

माझ्या मुलीने हे जर्मनमध्ये भाषांतर करून शाळेत सांगितलं.

*

संदीपलाही मी सोडणार नाही. त्याने अस्वलवाली रायफल रद्द केली, साधी तीस-शून्य-सहा घेतली, छान. इतके दिवस त्यात शिशाच्या गोळ्या वापरत होता. स्वीडनसाठी तांब्याच्या आणल्या आणि रायफलचा नेम नव्याने न लावता थेट रानडुकराच्या मागे गेला. डब्यावरचा आकडा तोच आहे ना, मग गोळी तिथेच लागणार! व्हर्जन तेच, म्हणून टेस्टिंग नको. ऑफिसात कुणी असं केलं तर हाच माणूस त्याला अर्धा तास झापतो.

गोळी वीतभर खाली गेली. डुकराचा पुढचा पाय मोडला. मग फोन, मग मी आणि मिरची काटेरी झुडपांत पोटावर सरपटत. डुक्कर सापडलं, मी संपवलं, मिरची सुखरूप होती. बाहेर आले आणि संदीपला शुद्ध मराठीत जे बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. तो उभा राहून ऐकत होता.

इथे एक पद्धत आहे. जनावर मिळालं की झाडाची एक छोटी डहाळी तोडतात. शोधकुत्र्यामागचा माणूस ती शिकाऱ्याला देतो, शिकारी ती टोपीत खोवतो. पण शोध कुत्र्याने लावला असेल, तर शिकाऱ्याने डहाळी मोडून अर्धी परत द्यायची, आणि ती कुत्र्याच्या पट्ट्यात खोवायची. म्हणजे या मरणात माझा जेवढा वाटा, तेवढा हिचाही, हे सगळ्यांसमोर कबूल करायचं. संदीपने टोपी काढली, डहाळी मोडली आणि अर्ध्याहून मोठा तुकडा मिरचीच्या पट्ट्यात खोवला. दुसऱ्या दिवशी सकाळी रेंज उघडायच्या आधी तो दारात हजर होता, नेम लावायला.

*

तर स्वीडन. मीही गेले होते, मिरचीला घेऊन. युर्गनसमोर मूस आला, चांगला थोराड नर. मॅग्नम वाजली. मूस हलला, आणि शांतपणे चालत दलदलीत शिरला. यजमान लार्सचा स्वतःचा शोधकुत्रा लंगडत होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मिरचीकडे.

त्या दलदलीचं फार सांगत नाही. मिरचीने माग सोडला नाही. मूस एका पडलेल्या झाडापाशी वळून उभा राहिला होता. मी रायफल खांद्याला लावेपर्यंत त्याने लाथ मारली, आणि मिरची माझ्या डोळ्यांसमोर हवेत उडाली. मग मी ते बायकांचं काडतूस झाडलं. मूस पडला. मिरची चिखलात पडली होती, श्वास घेताना कण्हत होती. तिच्या फासळ्या मोडल्या होत्या. मागोमाग बाकीचे पोचले. बेर्न्डने अंगातलं जॅकेट काढून तिला त्यात उचललं.

मी देवदारासारख्या एका झाडाची डहाळी तोडली. का तोडली, माहीत नाही. पद्धत म्हणून. युर्गनच्या हातात दिली. त्याने ती अख्खी टोपीत खोवली, मूसच्या शिंगांवर हात ठेवला आणि फोटो काढायला सांगितलं. मी उभी राहिले. वाट पाहिली. तो दुसऱ्या बाजूने फोटो काढायला सांगत होता. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, खोटं कशाला बोलू. वाजवली नाही, कारण मिरचीला डॉक्टरकडे न्यायचं होतं.

कातडं काढताना लार्सला खांद्याच्या हाडाबाहेर गोळीचा भुगा सापडला. त्याने तो तळहातावर घेऊन युर्गनसमोर धरला. युर्गन म्हणाला, मूस फार टणक होता.

*

परतल्यावरचं पहिलं श्टामटिश. मी जाणार नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "तू घरी का बसायचंस? आणि हिलाही ने, दिसू दे सगळ्यांना." म्हणून मिरचीला घेऊन गेले, छातीभोवती बँडेज, चालताना एक बाजू सांभाळून. ती माझ्या पायाशी आडवी झाली.

युर्गन रंगात आला होता. खुंटीवर त्याची टोपी, टोपीत ती डहाळी, वाळून तांबूस झालेली. शेजारच्या टेबलावरचे लोक खुर्च्या वळवून ऐकत होते. थ्री हंड्रेड मॅग्नम, तो सांगत होता, एक गोळी, आणि एवढा मोठा मूस जागच्या जागी कोसळला. बेर्न्ड ग्लासात बघत बसला. माझ्या तोंडात शब्द गोळा झाले, जर्मन, मराठी, सगळे एकदम.

संदीप उठला. मला वाटलं बिअर आणायला चाललाय. तो खुंटीपाशी गेला, टोपी काढली, त्यातली डहाळी ओढली आणि मोडली. वाळलेली होती, आवाज सगळ्यांना ऐकू आला. मग तो गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही तुकडे मिरचीच्या पट्ट्यात खोवले, बँडेजला धक्का न लावता.

"ती माझी टोपी आहे," युर्गन म्हणाला.

संदीपने टोपी झटकली आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेवली.

"टोपी तुमचीच आहे, युर्गन."