रस्त्याखालची खोली

रोडपालीत कुणाला फ्रिज घ्यायचा असो, रंगारी ठरवायचा असो, की मुलीसाठी आलेलं स्थळ नजरेखालून घालायचं असो, बायका आधी कुमुद घरतला हाक मारत. समोरचा चार वाक्यं बोलला की तो किती पाण्यात आहे हे तिला कळतं, असा तिचा लौकिक होता. बेलपाड्याहून सून म्हणून आली तेव्हापासून या घरातले गवंडी, दूधवाले, भाडेकरू सगळे तिनेच ठरवले. नवरा काशिराम कळंबोलीच्या लोखंडबाजारात वजनकाट्यावर कामाला. घरात काही ठरवायची वेळ आली की तो मोटारसायकलची चावी शोधायला लागायचा.

त्यामुळे २०१२ साली खालच्या खोलीसाठी ठेकेदार बघायची वेळ आली, तेव्हा तेही तिच्याच गळ्यात पडलं.

त्या खोलीला आता सगळे तळघर म्हणत. बांधली तेव्हा ती चांगली जमिनीवर होती. भामाबाई, म्हणजे कुमुदच्या सासूबाई, त्याच खोलीत नांदायला आल्या आणि पुढे कुमुदही. मग भातखाचरांवर नव्या शहराचे सेक्टर पडले, रस्त्यावर भराव पडत गेला. दर डांबरीकरणाला रस्ता थोडा वर यायचा आणि घर थोडं खाली जायचं. शेवटी घरतांनी वर दोन मजले चढवून दार वरून काढलं. खाली पिंपं, गणपतीचं मखर आणि मोडक्या खुर्च्या राहिल्या. खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. उधाणाच्या भरतीला, ऐन उन्हाळ्यातसुद्धा, भिंतींना गुडघाभर ओल चढायची.

मे महिन्यात मुलाचं, कल्पेशचं, प्रांजलशी लग्न होतं. वरचा मजला भाड्याने दिलेला, त्यावर कर्ज फिटत होतं. मधल्या मजल्यावर खोल्या दोनच. एक कुमुद-काशिरामची, दुसरी भामाबाईंची.

"आजी हॉलमध्ये नाही का झोपणार?" कुमुदने विचारून पाहिलं होतं.

"आई, ती रात्रभर खोकते. प्रांजलला पहाटे उठून नोकरीला जायचंय," कल्पेश म्हणाला. "खाली मस्त करून देऊ ना. तिचीच तर जुनी खोली आहे."

काशिराम चावी शोधायला लागला.

भामाबाईंना एवढंच सांगितलं, की सामानासाठी खोली नीट करतोय. त्या दिवसभर खिडकीशी खाटेवर बसून गल्लीतल्या प्रत्येकाला हटकत. कुणाच्या घरी पाहुणा आला, कुणी आज कोलंबी आणली, हे घरात सगळ्यांत आधी त्यांना ठाऊक. त्यांनी ऐकलं आणि मान डोलावली.

पहिले आले पनवेलचे गुरुदत्त कामेरकर. पोट सुटलेला, बोलघेवडा माणूस. खाली उतरतानाच त्यांनी आपल्या जावयाची निंदा करून घेतली. मग भिंतीला तळवा लावून ओल पाहिली.

"वहिनी, इथं राहणार कोण?"

"कोणी नाही. सामान. पण टाइल्स, पीओपी, सगळं करायचंय."

"सामानाला टाइल्स, पीओपी? लाड आहेत की सामानाचे." ते हसले, पण डोळे तिच्यावरच होते. "सामान असेल तर रंग मारा नि मोकळे व्हा. माणूस असेल तर गोष्ट वेगळी. जमीन उकरायला लागेल, खालून पाणी अडवायला लागेल, खिडकी मोठी करायला लागेल. त्यावर एक पावसाळा जाऊ द्यायचा, मग खाट टाकायची."

"लग्न मेमध्ये आहे."

"मग लग्न करा. पण त्या घाईत इथं माणूस झोपवायचं काम मी नाही घेणार. उद्या काही झालं तर माझंच नाव निघेल."

माणूस बडबड्या होता, पण खरा होता. तो दोन वाक्यं बोलला तेव्हाच कुमुदला ते कळलं होतं. तिने त्याला चहा दिला आणि कळवते म्हणून सांगितलं.

दुसरा शैलेश, काशिरामच्या चुलतभावाचा मुलगा. हातात दोन मोबाइल.

"काकी, तुमी कायपण टेन्शन घेव नका. पीव्हीसीचं पॅनल मारतो भिंतीला, ओल दिसनारच नाय. पंधरा दिवसांत चकाचक."

"आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्याचं पावसाळ्यात बघू ना. मी काय पलून चाललोय?"

खाली कोण राहणार, हे त्याने विचारलं नाही. आता तरी विचारेल म्हणून कुमुदने तो जिना चढेपर्यंत वाट पाहिली. तो मोबाइलवर बोलत निघून गेला, आणि तिला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच तिला दिवसभर लाज वाटत राहिली.

"शैलेशला देऊ," रात्री जेवताना ती म्हणाली. "गावातलं काम बाहेरच्याला दिलं तर भाऊबंद बोलतील. रेतीची गाडीसुद्धा आत येऊ देणार नाहीत."

हे खोटं नव्हतं. गावचं काम गावच्या पोराला, ही रीत होतीच. काशिरामने लगेच मान हलवली. कुमुदने स्वतःलाही हेच कारण दिलं, आणि ते टिकावं म्हणून दुसऱ्याच दिवशी नारळ आणला. एकदा घरच्या थोरल्या बाईच्या हातून ठेकेदाराच्या नावाने नारळ फुटला, की तो माणूस बदलायचा नाही, हेही गावात पाळलं जाई.

थोरली बाई म्हणजे भामाबाई. त्या भिंत धरत धरत खाली उतरल्या. वीस वर्षांत खाली आल्या नव्हत्या. मखराशेजारी उभ्या राहून त्यांनी खोलीभर पाहिलं, खिडकीतून जाणारे पाय पाहिले. मग वाकून पाट्यावर नारळ आपटला. एका फटक्यात फुटला.

"चांगला निंगाला, आजी," शैलेश म्हणाला.

भामाबाईंनी नारळाची एक भकल त्याच्या हातात दिली. "खाट कुठं टाकनार?"

कल्पेश मोबाइल बघायला लागला. शैलेशने काकीकडे पाहिलं.

"आई, अजून काही तसं..." कुमुदने सुरुवात केली.

"या भिंतीला नको, ही लय गलते. त्या बाजूला टाक." भामाबाई जिन्याकडे वळल्या. कुमुद आधार द्यायला पुढे झाली, तेव्हा तिचा हात त्यांनी घट्ट धरला आणि तिलाच ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "माजं काय, दोन पावसालं काढीन. माज्यामागं तुलाच यायचंय इथं. तुज्यापुरता तरी कामाला बरा मानूस बघायचा."

कुमुदने त्यांना वर नेऊन खाटेवर बसवलं. परत खाली आली तेव्हा शैलेशची माणसं छिन्नी-हातोडा घेऊन उभी होती. काशिराम, कल्पेश, सगळे तिच्याकडे बघत होते.

"काकी, चालू करू?" शैलेशने विचारलं.

गुरुदत्त कामेरकरांचा नंबर तिला तोंडपाठ झाला होता. लग्नाच्या पत्रिका छापून आल्या होत्या.

"कर," ती म्हणाली.