गुरुवारी बंद पडणारा कॅमेरा

सासऱ्यांच्या भिवंडीतल्या कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कॅमेरा बसवायचा हट्ट माझाच. कापडात दोष दिसला की तो फोटो काढतो, मग कुणी दिवसभर कापडावर नजर ठेवून उभं राहायला नको. आमच्याकडे ते उभं राहणं सासऱ्यांचं. संध्याकाळी पाय सुजायचे, तरी कबूल करतील तर शपथ. हट्टीपणात आम्ही दोघं एकाच माळेचे मणी.

पण कॅमेरा दर गुरुवारी मान टाकायचा. शुक्रवारी लूमची सुट्टी, मेन स्विच बंद. शनिवारी सगळं नव्याने चालू झालं की हा पुन्हा ठणठणीत.

"पोरी, तुझ्या कॅमेऱ्याला शुक्रवारची सुट्टी गुरवारीच पायजे," सासरे म्हणाले. "या गुरवारी झोपला तर मी उतरवनार हाय."

मला राग आला, कारण त्या कॅमेऱ्याचा ड्रायव्हर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटात बसून यंत्राशी बोलणारा कोड, माझ्या कंपनीतल्या आमच्याच टीमचा. आता त्याची देखभाल माझ्याकडे. प्रत्येक फोटो तो वापरणाऱ्या प्रोग्रामला देताना ड्रायव्हर एक क्रमांक राखून ठेवतो. त्याला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. काम झालं की प्रोग्राम तो बंद करतो आणि क्रमांक मोकळा होतो. असे क्रमांक एका प्रोग्रामला ठरावीकच मिळतात.

मी लॅपटॉप घेऊन लूमशेजारी बसले. भिवंडीचं व्होल्टेज घसरलं की फोटो अर्धवट राहायचा. ड्रायव्हर जमलं नाही म्हणून हात वर करायचा, पण राखलेला क्रमांक सोडायचाच नाही. आठवडाभर असे क्रमांक अडकत जायचे आणि गुरुवारी नवा द्यायला उरायचा नाही. शुक्रवारी मेन स्विच बंद झाला की सगळे आपोआप मोकळे. आमच्या पुण्याच्या ऑफिसात वीज शहाण्यासारखी वागते, त्यामुळे तिथे कुणाला हे दिसणं शक्यच नव्हतं. मला भिवंडीचा उगीचच अभिमान वाटला.

दुरुस्ती छोटी होती. जिथे जिथे काम फसू शकतं तिथून एकाच वाटेने बाहेर पडायचं आणि त्या वाटेवर क्रमांक सोडून द्यायचा. त्या क्रमांकाला जोडलेली फोटोची फाइल प्रोग्रामच्या हाती द्यायची ती अगदी शेवटी, फसण्यासारखं काही उरलं नाही की मग. एकदा दिली की ड्रायव्हरला ती परत मागता येत नाही. मग मी कॅमेऱ्याची वायर मुद्दाम उपटून पाहिली, पुन्हा पुन्हा. चालत्या गाड्याला खीळ कशाला घालतेस, असं सासऱ्यांनी विचारलं. मी हसले.

गुरुवारी दुपारी मी कारखान्यात गेले. कॅमेरा चालू होता. सासरे मात्र जागेवर नव्हते. मालक घरी गेले, कारागीर म्हणाला.

मी जवळजवळ पळतच घरी आले. सासरे ओटीवर गाढ झोपले होते, पाय उशीवर ठेवून. लूम चालू असताना हा माणूस झोपलेला मी लग्न झाल्यापासून पाहिला नव्हता. काही झालं का, बरं नाही का, म्हणून मी पुढे झाले, तशी सासूबाईंनी माझा हात धरला.

"न्हाय उठवायचं," त्या हळूच म्हणाल्या. "कापडाकडं तुझा कॅमेरा बघतोय, असं सांगून झोपल्यात."