कवळीवाल्याने वारा अडवला

गल्लीत त्याला सगळे कवळीवाला म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. दातांच्या दवाखान्यांतून लोकांच्या हिरड्यांचे ठसे त्याच्याकडे यायचे आणि त्याच्या घराच्या मागच्या खोलीतून कवळ्या होऊन परत जायचे. अर्ध्या शहराची तोंडं त्याला आतून पाठ होती. रस्त्यात भेटल्यावर मात्र तो एकालाही ओळखत नसे.

बोलणं त्याचं मुळातच कमी. दिवसभर ज्यांच्याशी संबंध यायचा ती तोंडं प्लॅस्टरची, त्यामुळे कोणी उलटून बोलायची सवयच राहिली नव्हती. बायको पाणी खात्यात तक्रारींच्या खिडकीवर होती. तिचं उलट. दिवसभर लोक तिच्यावर तोंडसुख घ्यायचे आणि ती म्हणायची, "हो साहेब, नोंद घेतली. बघते हं ताई." घरी येईपर्यंत तिच्यातले शब्द संपलेले असत. घरात तिसरी आई. तिचे कान इतके तिखट, की शेजारच्या घरात चमचा पडला तर तो कुणाच्या हातून पडला हे ती बसल्या जागी सांगे. अशा घरात नवरा-बायकोने बोलायचं तरी काय? "आलात?" "हो." "वाढू?" "वाढ." झालं, दिवसाचं संभाषण आटपलं.

पण रविवार वेगळा. त्याच्याकडे एक जुनी मोटरसायकल होती, लांब पल्ल्याची, पण अंगात शर्यतीची थोडी खाज असलेली. दर रविवारी तो बायकोला मागे बसवून शहराबाहेरच्या धरणावर न्यायचा. आणि गाडीने वेग घेतला रे घेतला की ही बाई मागे बोलायला लागायची. जाताना, येताना, सतत! तिच्या हेल्मेटची हनुवटी त्याच्या हेल्मेटवर टकटक आपटायची. शब्द मात्र एक कळेल तर शपथ. वारा आणि इंजिन दोघं मिळून सगळं खाऊन टाकायचे. तो आपला दर टकटकीला मान डोलावायचा.

आणि मनात मांडे खायचा. काय बोलत असेल? जुन्या आठवणी? आपलं कौतुक? हळूहळू त्याला ते सहन होईना. ही बाई आपल्याशी वर्षानुवर्षं भरभरून बोलते आहे आणि आपल्याला त्यातला एक शब्द ठाऊक नाही, म्हणजे काय? त्याला तिचं बोलणं ऐकायचं होतं. आयुष्यात दुसरं काही नको होतं म्हणा ना.

हेल्मेटमध्ये बसवायची बोलण्याची यंत्रं मिळतात. त्याने ती आणायचं काढलं, तर ती ताडकन म्हणाली, "अजिबात नको! दिवसभर कानाला फोन असतोच माझ्या." खरं तर तिथेच त्याच्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण याला वाटलं, बिचारीचे कान दुखतात.

मग त्याने ठरवलं, यंत्र नको तर नको. वाराच अडवायचा आणि इंजिनलाच हळू बोलायला लावायचं.

मोटरसायकल थेट बैठकीच्या खोलीत आली. सोफा गेला व्हरांड्यात. बायको कामावरून आली, तिने दारातून एकदा बघितलं आणि वळसा घालून स्वयंपाकघरात गेली. आई मात्र खूश. कधी नव्हे ते घरात काहीतरी घडत होतं.

आधी गियरिंग. चेन ज्या दोन चक्रांवरून फिरते त्यांचे दात बदलायचे: पुढच्या छोट्या चक्राला एक दात जास्त, मागच्या मोठ्या चक्राला दोन कमी. मग त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं आणि कमी ओरडतं. दात मोजणं हा याचा हातखंडाच. पण पुढच्या चक्राचा नट सुटायला तयार नाही. कोणीतरी गाडीवर बसून मागचा ब्रेक दाबून धरायला हवा होता. आई बसली. एका हातात चहाचा कप, उजवा पाय ब्रेकवर.

"दाब आई!"

"दाबलाय!"

"जोरात!"

"अरे, तुला वाढवला तेव्हापासून जोरच लावतेय मी!"

नट सुटला. आई उतरेना. "बरं वाटतंय इथे," म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिली. शेजारीण काहीतरी मागायला आली, तिच्याशीही आई गाडीवरूनच बोलली.

मग वारा अडवणारी पुढची काच. बाजारातली तयार काच याला पसंत पडेना. ज्याने जन्मभर अॅक्रिलिक तापवून माणसांच्या टाळूला बसवलं, त्याने दुसऱ्याच्या हातची काच लावायची? छे! त्याने पारदर्शक अॅक्रिलिकचा मोठा तुकडा आणला, जुन्या काचेवरून प्लॅस्टरचा साचा घेतला आणि स्वयंपाकघरातल्या ओव्हनवर डोळा ठेवला. तुकडा ओव्हनमध्ये मावेना. मग त्याने ओव्हनचं दार काढलं आणि बाहेर राहिलेल्या भागावर बायकोचा केस वाळवायचा ड्रायर धरायला आईला उभं केलं. तुकडा मऊ झाला, साच्यावर पसरला, छान वळला. फक्त साच्यावर याने आंघोळीचा टॉवेल अंथरला होता. टॉवेलची सगळी वीण काचेवर उमटली. त्यातून बघितलं की समोरचा माणूस नुकताच आंघोळ करून आल्यासारखा दिसायचा.

दुसरी काच नीट झाली. नीट म्हणजे गुळगुळीत. उंचीला मात्र त्याने हात आखडता घेतला नाही. गाडीला लावल्यावर ती एखाद्या बाथरूमच्या दारासारखी दिसायला लागली. त्याने काचेच्या कडेला लोकरीचे तुकडे चिकटवले, समोर मोठा पंखा लावला आणि आईला मागच्या सीटवर बसवून वारा कुठून कसा जातो ते बघत बसला.

"लागतंय का वारं?"

"मुळीच नाही. गुदमरायला होतंय."

"वा!" तो म्हणाला. त्याला आनंदाने भरून आलं होतं.

रविवार उजाडला. गल्लीच्या चढावर नव्या गियरिंगने रंग दाखवलाच. पहिल्या गियरमध्ये गाडी जागची हलेना, रुसलेल्या म्हशीसारखी. क्लच चोळत चोळत त्याने ती कशीबशी वर नेली. सगळी गल्ली दारात येऊन बघत होती. पण एकदा मोठा रस्ता लागला आणि काय सांगावं! वारा कुठे गेला कळेना. इंजिन खालच्या आवाजात गुणगुणायला लागलं. कवळीवाल्याने श्वास रोखला. मागे हनुवटी वाजली, टकटक, आणि त्याच्या कानात बायकोचा आवाज आला. स्वच्छ, खणखणीत.

"नळाला पाणी नाही तर मी काय करू? डोक्यावर घेऊन येऊ? घागर समजलास का मला?"

तो दचकला. मग लक्षात आलं, हे त्याला नव्हतं. हे खिडकीवरच्या कोणालातरी होतं. त्यानंतर तिने आपल्या साहेबांना घेतलं, त्यांच्या पोटापासून पेनापर्यंत. मग सासूचा नंबर लागला. "माझ्या कपाटाचं दार उघडलं की यांना तिकडे खोलीत ऐकू येतं! कान आहेत की सापळे!" कवळीवाला ऐकत होता. अशी वाक्यं, असा जोर, असली फेक! ही बाई घरात "वाढू का" एवढंच कशी बोलू शकते, याचंच त्याला नवल वाटत होतं.

"आणि हा!" ती कडाडली. घरी ती त्याला अहो-जाहो करायची. "हा एक शहाणा! ओव्हनचं दार कुठे आहे रे माझ्या? दर रविवारी धरण! धरण! अरे माठ्या, मी आठवडाभर पाण्याच्या नावाने शिव्या खाते आणि तू मला सुट्टीच्या दिवशी पाणी दाखवायला नेतोस? एकदा तरी विचारलंस, तुला कुठे जायचंय? मला विमानं बघायची आहेत. शाळेत असल्यापासून बघायची आहेत. त्या विमानतळाच्या कुंपणाला टेकून उभं राहायचंय, डोक्यावरून जाताना. पण नाही! धरण!"

इथे गप्प बसला असता तर बरं झालं असतं. पण त्याला इतकं भरून आलं, की त्याने मान वळवून मोठ्याने विचारलं, "अगं मग विमानतळावर जाऊ या का?"

मागची हनुवटी थांबली.

धरणापर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. धरणावर दोघांनी पाणी बघितलं. परत येतानाही काचेने वारा अगदी चोख अडवला आणि त्या शांततेत चेनचा किरकिर आवाज तेवढा ऐकू येत राहिला. घरी आल्यावर ती म्हणाली, "वाढू?"

पुढच्या रविवारी तिचं डोकं दुखत होतं. त्याच्या पुढच्या रविवारी कंबर. आणि आठवड्याच्या मध्येच एकदा ती कामावरून आली ती पांढरी पडून. पर्स टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसली.

"आज मी खिडकीवर एका गृहस्थांना माठ म्हणाले," ती म्हणाली. "तोंडावर. कसं निघून गेलं कळलंच नाही. साहेबांनी आत बोलावून झापलं. पुन्हा असं झालं तर खिडकी काढून घेतील आणि तळघरात जुन्या मीटरांच्या गोदामात टाकतील."

आणि ती रडायला लागली. त्याने तिला कधी असं रडताना बघितलं नव्हतं. तो उभा राहिला, पुन्हा बसला, पाणी आणलं, पाणी बघून ती आणखीच रडली.

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत तो एक कवळी घासत बसला असताना आई आत आली. तिने आधी आपली कवळी काढून टेबलावर ठेवली. आईने असं केलं की समजायचं, आता आडपडदा नाही.

"ती बोलायला जात होती रे," आई म्हणाली. "तुला ऐकायला कोणी सांगितलं होतं?"

"अगं, पण माझ्याशीच ना बोलत होती?"

"तुझ्या पाठीशी. तुझ्याशी नव्हे." आई जायला वळली, मग थांबली. "तुझी ही पॉलिशची मोटर चालू असते ना, तेव्हा मी पण बोलते."

"काय बोलतेस?"

"मोटर बंद असताना कशाला सांगू?"

कवळीवाल्याने हातातली कवळी खाली ठेवली. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि हसूही आलं. माणसाला घरात एक जागा लागते जिथे कोणी ऐकत नाही, आणि त्याने मोठ्या कौतुकाने, घाम गाळून, नेमकी तीच बुजवून टाकली होती.

तो स्पेअर पार्टच्या दुकानात गेला.

"पुढचं चक्र लहान द्या. मागचं मोठं. मूळच्यापेक्षाही मोठं."

"इंजिन फार ओरडेल हो," दुकानदार म्हणाला.

"ओरडू दे."

"लांब जाणारी गाडी आहे तुमची. कान किटतील. हल्ली लोक आवाज कमी करायला येतात."

"मी करून बघितला कमी. मानवला नाही."

दुकानदाराने त्याच्याकडे नीट बघितलं आणि मुकाट्याने चक्रं काढून दिली. मोटरसायकल पुन्हा बैठकीत आली. आई न सांगता ब्रेकवर जाऊन बसली. त्याने ती सुंदर काच करवतीने कापली, कापली, कापून वीतभर ठेवली. कापताना जीव तुटत होता, पण हात थांबला नाही. ओव्हनला दारही बसवलं.

रविवारी सकाळी तो बायकोला म्हणाला, "येतेस?"

तिने गाडीकडे बघितलं. "काच कुठे गेली?"

"तडा गेला." खोटं बोलताना तो कधी नव्हे ते सरळ तिच्याकडे बघत होता. "आणि गियरिंगचं गणित चुकलं बहुतेक. भयंकर आवाज करते आता. मला तर काहीच ऐकू येत नाही."

ती आत जाऊन हेल्मेट घेऊन आली.

मोठ्या रस्त्यावर वारा त्याच्या छातीवर आदळला आणि इंजिनने असा काही गळा काढला की बाजूच्या गाडीतलं कुत्रं भुंकायला लागलं. भुंकतंय हे त्याला दिसलं तेवढं. मागे बराच वेळ काही नाही. त्याचा जीव टांगणीला. मग एकदाच, अंदाज घेतल्यासारखी, टक. त्याने मान डोलावली. थोडं थांबून, टकटक. त्याने पुन्हा डोलावली. आणि मग जे सुरू झालं! टकटकटकटक, एखाद्याने दार बडवावं तसं. धरणाचा फाटा आला, त्याने तो सोडून दिला आणि गाडी विमानतळाच्या रस्त्याला घातली. टकटक क्षणभर थांबली, आणि दुप्पट जोराने चालू झाली.

कुंपणापाशी दोघं उतरली. तिने हेल्मेट काढलं. गाल लालबुंद, आवाज पार बसलेला.

"मघाशी पहिल्यांदा मी तुम्हाला काय विचारलं माहीत आहे?"

"नाही," तो म्हणाला. आणि हे अगदी खरं होतं.

"विचारलं, अरे, तू ठार माठ आहेस का? तुम्ही मान डोलावलीत."

"आणि दुसऱ्यांदा?"

"विचारलं, नक्की ना? तेव्हाही डोलावलीत. मग माझी खात्री पटली."

ती कुंपणाला टेकून उभी राहिली आणि तो तिच्या शेजारी. लांबून एक विमान खाली येत होतं, मोठं मोठं होत. अगदी डोक्यावर आलं तेव्हा जमीन हादरली, कुंपणाची जाळी थरथरली, आणि ती त्याच्याकडे वळून, थेट त्याच्या डोळ्यांत बघत काहीतरी बोलली. चांगलं लांबलचक बोलली. बोलताना तिचे डोळे भरले होते. त्याला एक शब्द ऐकू आला नाही. त्याने मान डोलावली.

विमान उतरलं, आवाज विरला. तिने डोळे पुसले आणि पुढचं विमान कुठून येतंय ते बघायला लागली. तिचं अजून बरंच बोलायचं राहिलं होतं.