दुखण्याच्या अलीकडे

भात फुलोऱ्यावर येतं त्या दिवसांत आमच्या कडाव गावच्या शिवारावरून एक मंद, दुधाळ, किंचित ओलसर सुगंध वाहत असतो. उठून शोधायला जावं तर तो कुठेच सापडत नाही, आणि डोळे मिटून स्वस्थ बसावं तर सर्वांगाला वेढून राहतो. पण स्वस्थ बसणं मला तेव्हा कुठे ठाऊक होतं! सन सत्तरच्या पुढची ती वर्षं. सकाळच्या एस.टी.नं कर्जतला जायचं, टेलिफोनच्या ऑफिसात बोर्डासमोरच्या खुर्चीवर बसायचं, कानांवर हेडफोन चढवायचा आणि दिवसभर एका माणसाचा आवाज दुसऱ्या माणसाच्या कानाशी नेऊन पोचवायचा. तालुक्याचे आनंद आणि आकांत माझ्या बोटांमधून वाहत जात, आणि पुढे झुकून झुकून माझी मान मात्र पाषाणाची होत चालली होती.

आधी मान गेली, मग उजवा खांदा, मग बोटांना मुंग्या येऊ लागल्या. एका दुपारी कुणा गृहस्थाला त्यांच्या मुलीच्या बाळंतपणाची खबर परगावाहून येत होती. "सुखरूप झाली, आणि—" एवढं कानावर पडलं आणि शेजारचा प्लग लावता लावता माझ्या बधिर हाताच्या धक्क्यानं त्यांचाच प्लग निसटला. लाइन पुन्हा मिळेपर्यंत तो जीव तिथे कसा तळमळला असेल! मी बोर्डासमोर बसून मुकाट रडले.

सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मान हालत नाय, हात उचलत नाय, कशाला पायजे गं ती नोकरी? घरात भात हाय, गुरं हायत. सोड आता." यजमान शाळामास्तर, ते नेहमीप्रमाणे वह्या तपासत राहिले. सोडायची? ते आवाज सोडून राहायचं? बोर्डावरचा दिवा लुकलुकला की दूर कुठेतरी कुणीतरी मला हाक मारतंय असं वाटे. ती हाक सोडून मी गोठ्यात काय ऐकणार होते? तरी मनाशी ठरवलं होतं, दिवाळीपर्यंत बघायचं आणि मग राजीनामा लिहायचा.

याच दिवसांत विमलाबाई आल्या. सेवानिवृत्त शिक्षिका, घाटावरच्या एका आश्रमात योग शिकून नुकत्याच कर्जतला राहायला आलेल्या. लेक नागपूरला. तिला ट्रंक कॉल लावायचा म्हणजे तासन्‌तास खोळंबा. तेवढा वेळ त्या खिडकीजवळच्या बाकावर पाठ ताठ ठेवून, अगदी निवांत बसून असत. एकदा त्यांनी हाक मारली तशी मी मान न वळवता खुर्चीसकट अख्खी वळले.

"अगं, मान कुठे ठेवून आलीस?" त्या हसून म्हणाल्या. मला हसू आलं नाही, डोळेच भरले. त्या उठून जवळ आल्या.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला त्याच खुर्चीवर बसवलं. आसनं म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे डोक्यावर उभे राहिलेले तपस्वी यायचे. त्यांनी मात्र फक्त पावलं जमिनीला टेकवायला सांगितली आणि श्वास सावकाश सोडायला. "आता श्वासाबरोबर मान डावीकडे ने. दुखेल तिथवर नाही हं, दुखण्याच्या अलीकडे थांब."

"मग उपयोग काय?" मी विचारलं.

"दुखण्याशी भांडलं की ते हट्टाला पेटतं. त्याच्या दारापाशी नुसतं बसून यायचं. एक दिवस ते आपणहून दार उघडतं."

मग खांदे कानांकडे उचलून अलगद सोडणं, खुर्चीची पाठ धरून कमरेत हळूच वळणं, बोटांत बोटं गुंफून तळवे आभाळाकडे नेणं. माझे तळवे कपाळापाशीच अडले. पण डोळे मिटले होते, श्वास लांबत होता, आणि आपल्या आतही एक विस्तीर्ण, शांत, हिरवं शिवार आहे असा भास मला पहिल्यांदा झाला. इतकी वर्षं मी साऱ्यांचे आवाज जोडत आले. माझ्या देहानं मारलेली हाक तेवढी कुणी जोडून दिली नव्हती.

दिवाळी आली नि गेली. राजीनामा लिहायचा राहून गेला. रोजच्या सरावानं मुंग्या ओसरल्या, बोटांना प्लगची धार पुन्हा कळू लागली. संध्याकाळी घरी आले की मी ओटीवर स्टुलावर बसून हात वर नेई. सासूबाई दारातून बघत आणि पुन्हा चुलीकडे वळत.

एका संध्याकाळी त्या माझ्यासमोर पाटावर येऊन बसल्या. "मला बी दाव," म्हणाल्या. मग खांदा चोळत, "भाताची आवणी करून करून खांदं कवाच गेलं माजं. हात डोईला पोचत नाय, शेजारीण येते तवा अंबाडा होतो." इतकी वर्षं एका घरात राहून मला हे दिसलं नव्हतं, त्यांनी ते कधी दिसू दिलं नव्हतं. मी त्यांचे खरखरीत तळवे हातात घेतले आणि म्हटलं, "आई, दुखण्याच्या अलीकडे थांबायचं."

हिवाळाभर आम्ही दोघी ओटीवर बसत होतो. त्यांचे हात आधी खांद्यापर्यंत जात, मग कपाळापर्यंत. दोन श्वास शेजारी शेजारी चालत. आणि माघातल्या एका सकाळी मी निघायच्या घाईत असताना त्यांनी बोटं गुंफली, डोळे मिटले, आणि ते हात चढत चढत थेट डोक्यावर गेले. हिरवा चुडा किणकिणत कोपरापर्यंत घसरला. त्यांनी डोळे उघडून वर पाहिलं, एखादी परक्याची वस्तू पाहावी तसं.

"किती वर्सांनी पायले गं हे हात," त्या पुटपुटल्या. मग हात खाली घेऊन त्यांनी पदर सावरला, आणि नेहमीच्याच करड्या आवाजात म्हणाल्या, "बघत काय ऱ्हायलीस? जा, गाडी चुकंल. तिकडं लोकं खोळंबली असतील तुजी."